कोकणातल्या झाडा-प्राण्यांच्या जाती संपत येतात त्या नेमक्या कशामुळे?

सडेकरीण

शेजारच्या धाग्यावर कोकणातली झाडं, प्राणी कमी का होत चालले या प्रश्नाला बहुतेकांनी दोनच कारणं दिली, शिकार आणि वाढती वस्ती. दोन्ही खरी आहेत, पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. शिकार रानडुकराचीही होते, तरी आमच्या राजापूर तालुक्यात लोकांनी डुकरांपायी भातशेती सोडली. वस्ती वाढली तशा घारी, कावळे, माकडंही वाढली. मग त्याच गावातून गिधाड का गेलं? खवले मांजर का दिसेनासं झालं? ककणेराच्या, म्हणजे धनेश पक्ष्याच्या, पंखांचा आवाज ऐकायला आता देवराईपर्यंत का जावं लागतं?

माझं मत सरळ सांगते. एखाद्या जातीतले किती जीव मारले जातात एवढंच मोजून भागत नाही. मेलेल्यांची जागा ती जात किती लवकर भरून काढते, आणि विणीसाठी तिला कोणती जागा, कोणता काळ लागतो, हे आधी पाहायला हवं. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं सहज घालते आणि कुठल्याही जाळीत विते. खवले मांजराला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, आई ते शेपटीवर घेऊन फिरते. दोघांवर सारखाच हात पडला तरी डुकरं दोन पावसाळ्यांत भरून येतात, खवले मांजर येत नाही. त्यात संकट आलं की अंगाचं वेटोळं करून पडून राहणं हा त्याचा एकमेव बचाव. बिबट्यापुढे तो चालतो. माणूस तेच वेटोळं उचलून पोत्यात घालतो. खवल्यांत औषध म्हणावं असं काही नाही, आपली नखं ज्या केराटिनची तेच त्यांत असतं. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे आणि तरी तस्करी चालू आहे.

आता आमचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, घ्या. मे महिन्यात पाहणाऱ्याला तो नुसता काळा कातळ दिसतो, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेला. जून लागला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीतून कोकण दीपकाडी वर येते. पांढरी फुलं, अरुंद पानं, खाली लहानसा कांदा. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिची पहिली नोंद केली. जगात ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूच्या सड्यांवरच आहे. तिच्यामागून गेंद, सीतेची आसवं, कवला, पाण्याच्या खळग्यांत बेडकांची पिल्लं. वर्षातले सात-आठ महिने कोरडा राहणारा, उन्हात भाजणारा तो कातळ बहुतेक झाडा-गवतांना सोसत नाही. जिला सोसतो तिला तिथे मोकळं रान मिळतं, पण मग ती तिथलीच होऊन बसते. तिला उठून दुसरीकडे जाता येत नाही. चिरेखाण लागली की सड्याचा वरचा थर आधी खरवडून बाजूला टाकतात, मग खालचे चिरे कापतात. दीपकाडीला मारायला कोणीच आलेलं नसतं, तरी त्या सड्यावरची ती सगळी एका दिवसात संपते.

तुमच्या भागात काय आटलं आणि कशामुळे, ते लिहा. ऐकीव नको, पाहिलेलं हवं.


दर्यावर्दी (हर्णै)

ताई, विणीची जागा महत्त्वाची हे मान्य. पण नुसती तीच जपून काम होत नाही, हे कासवांवरून सांगतो.

आमच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. आता घरट्यातली अंडी कुंपणात पुन्हा पुरतात आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडतात. अंजर्ले, कोळथरे, गुहागर, सगळीकडे हे काम पसरलं. फार मोठं काम आहे, त्यात शंका नाही.

पण एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात ती उगीच नाहीत. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं म्हणतात, आणि त्यालाही वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. अशी एक मोठी मादी ट्रॉलच्या जाळ्यात अडकून मेली की किती घरट्यांची मेहनत गेली याचा हिशेब करा. कासव फुप्फुसानं श्वास घेतं. जाळं तास-दोन तास खालून ओढत राहिलं तर ते बुडून मरतं. किनाऱ्यावर येऊन पडलेली मेलेली कासवं बघा, बहुतेक पूर्ण वाढलेली असतात.

यावर उपाय आहे. जाळ्यात कासव बाहेर पडायची खिडकी बसवता येते, टेड म्हणतात तिला. त्यातून थोडी मासळी निसटते म्हणून आमचे लोक लावत नाहीत. मी स्वतः मच्छीमार आहे, मला डिझेलचा भाव माहीत आहे, म्हणून कोणाला शिव्या घालत नाही. पण खरं कारण ते आहे.

आणखी एक. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी (व्हेल शार्क) आली आणि तिला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ च्या अखेरीस सरकारनं ही योजना काढली. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. बऱ्याच बंदरांवर अजून माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.


मुंबईची नात

मला एक विचारायचंय, कृपया राग मानू नका. सड्यावरचं एक लहानसं फूल गेलं तर नेमकं काय बिघडतं? गिधाडाचं समजतं, ते मेलेली गुरं खातं. पण दीपकाडीचं?


पशुवैद्य

आधी गिधाडाचं सांगतो, कारण सगळ्यात स्वच्छ पुरावा तिथे आहे आणि तो आमच्या व्यवसायाशी बांधलेला आहे.

भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्के कमी झाली. घरटी होती, झाडं होती, खाणंही होतं. शिकार कोणी करत नव्हतं. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिलं: गुरांना दुखण्यावर, तापावर द्यायचं डायक्लोफेनॅक. इंजेक्शन दिलेलं जनावर लगेच मेलं की औषध त्याच्या मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं.

इथे सडेकरीणताईंचा मुद्दा नीट लागू पडतो. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेतं. त्याचं सगळं गणित मोठा पक्षी पुष्कळ वर्षं जगण्यावर उभं आहे. एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडं जमतात. त्यामुळे शंभर मढ्यांतल्या एखाद्यातच ते औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणितानं दाखवलं गेलं. गावागावातून औषधाचा पूर आला होता असं समजायचं कारण नाही. इतकं थोडं पुरलं.

२००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलीच्या कुपीपुरतं केलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे, तेच मागा. रायगडात म्हसळा तालुक्यात चिरगावला काही गिधाडं टिकून आहेत, तिथे स्थानिकांनी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. पण संख्या इतकी खाली गेली की पुढचा धोका निराळाच असतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळच धडकलं आणि त्या पट्ट्यातली उंच झाडं आडवी झाली. हजारांनी गिधाडं असती तर एक वादळ त्यांनी सोसलं असतं. थोडी उरली की एक वादळ, एक विषारी मढं, एवढ्यानंही शेवट होऊ शकतो.


बागायतदार

धागा वाचतोय. सड्याबद्दल मला बोलायलाच हवं, कारण माझी कलमं सड्यावरच आहेत.

१९९० च्या फळबाग योजनेनंतर आमच्या लोकांनी कातळ फोडून, सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस लावला. भातावर घर चालत नव्हतं. माझे वडील आणि चुलते मुंबईला गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर परत आले, त्यांना या बागेनं जगवलं. आज कोणी मला सांगतं की तो कातळ दुर्मिळ होता, तेव्हा मी काय करावं? बाग उपटू? आणि चिरा नको म्हणता, तर घरं कशाची बांधायची? जांभा हा आमचा एकमेव परवडणारा दगड.

मी भांडायला आलेलो नाही. फूल मीही पाहिलंय. अजून पाच एकर सडा शिल्लक आहे, तिथे काय करायचं ते ठरलेलं नाही. म्हणून विचारतो, कुठला भाग सोडायचा हे कळतं का?


सडेकरीण

दर्यावर्दीदादा, तुमची आणि माझी गोष्ट एकाच वहीतल्या जमा आणि खर्चाच्या बाजू आहेत. कासवाच्या बाबतीत खर्चाची बाजू जड आहे, दीपकाडीच्या बाबतीत जमा होण्याची जागाच जाते. म्हणून प्रत्येक जातीचं वेगळं पाहावं लागतं. कासव तर आपल्या एका किनाऱ्याचंही नसतं. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या जाळ्यांचा हिशेबही आपल्या वाळूवर येतो.

बागायतदारकाका, बाग उपटा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तुमचा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात कामाचा वाटतो. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाच एकर एकदा फिरून या. जिथे पाणी घोटाभर साचून राहतं ते खळगे, त्यांच्या कडेची बोटभर मातीची पट्टी, आणि जिथून पाणी पातळ पसरून वाहतं तो उतार, फुलांची गर्दी तिथे असते. फटींत खोल माती साठलेली असते तिथे नेहमीचं गवत, करवंद, आयन उगवतात. काही लावायचंच असेल तर ते तिथे लावा. खळगे बुजवू नका, त्यांच्या वरच्या अंगाला चर खणू नका. चर खणला की पाण्याची वाट बदलते आणि खळगा कोरडा पडतो, दगडाला हातही न लावता. आणखी एक, फुलांच्या दिवसांत तिथे तणनाशक मारू नका.

मुंबईच्या नातीला: काय बिघडतं याचं पैशातलं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते बनवून देणार नाही. जगात दुसरीकडे नसलेली एक गोष्ट आपल्या गावच्या सड्यावर आहे. ती सांभाळायला मला दुसरं कारण लागत नाही. पण दीपकाडी जिथे जाते तिथे खळगे गेलेले असतात. तेच पाणी कातळाच्या फटींतून मुरत खालच्या वाडीच्या विहिरींना लागतं. चिरेखाणीशेजारच्या वाड्यांत उन्हाळ्यात काय होतं ते बागायतदारकाका सांगतील.


बागायतदार

टँकर येतो.


कुडाळचो माणूस

आमच्याकडे मिरगाचो पयलो मोठो पाऊस पडलो की न्हयतसून मासे व्हाळाक चढतत, थयसून शेतांत. अंडी घालूक. हेका वळगणीचे मासे म्हणतत. पूर्वीय लोक धरी, पाग घेवन, बत्ती घेवन, दोन-तीन रात्री. कितकेतरी निसटून वर जायत. आता बॅटरी आणि इन्व्हर्टर घेवन पाण्यात करंट सोडतत. म्हावरां, खेकडे, बेडूक, सगळां एकदम उपडां पडता.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. वर्षभर नदीत गळ टाकून बसणाऱ्यानं नदीचं कधी वाटोळं केलं नाही. वळगणीला पकडलेल्या प्रत्येक मादीच्या पोटात अंडी असतात, म्हणजे एक मासा काढला की पुढच्या वर्षीचे शेकडो काढले. त्यात आता मासे चढायला वाटच राहिली नाही. बंधारे घातले, व्हाळ काँक्रीटनं बांधले, भातखाचरं पडीक पडली. मासा अंडी घालायला पोचतच नाही. जे उरले त्यांच्या डबक्यांत चिलापी (तिलापिया मासा) सोडली. ती वर्षातून अनेकदा विते आणि पिल्लं तोंडात सांभाळते, तिच्यापुढे आमचे खवळे, मळये काय टिकणार?

उलट उदाहरणही आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे, वरदायिनी देवीचा. तिथले मासे कोणी धरत नाही. महसीरसारखा मोठा मासा, जो बाकी नद्यांत दिसायला दुर्मिळ झाला, तो तिथे हातातलं खायला वर येतो. ना कुंपण, ना पहारेकरी. डोह खोल राहिला आणि लोकांनी हात आवरला, एवढंच.

समुद्राचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी आहे ती मुख्यतः विणीसाठी. पण बंदी उठल्यावर बाजारात बोटभर पापलेट येतं आणि आपणच ते स्वस्त म्हणून घेतो. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडायचं किमान आकारमान ठरवून दिलं. गिऱ्हाईकानं छोटं पापलेट घ्यायचं बंद केलं तर तो नियम पाळला जाईल.


दोडामार्ग

आमच्या तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला एक राई आहे, कान्हळाची राई. तिथे रानटी जायफळाची दलदल आहे, मिरिस्टिका मॅग्निफिका हे झाड. मुळं पाण्याच्या वर दिसतात. २०२१ मध्ये सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. क्षेत्र किती, तर २.५९ हेक्टर. एवढ्याशा जागेत एक संकटग्रस्त झाड टिकून आहे. ती देवाची होती म्हणून राहिली. तिच्यासारख्या इतर बऱ्याच जागांवर सुपारी आणि भात कधीच आले असणार.

याचं बी साठवून ठेवता येत नाही. सुकलं की मेलं. सावलीत, ओल्या जागीच ते रुजतं. म्हणजे रोपवाटिकेत पाकिटं भरून कुठेही लावू, हा मार्ग सोपा नाही. आणि ते बी लांब नेणारे मोठे पक्षी, त्यांत धनेश. धनेशाला अंडी घालायला जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, नर एका फटीतून महिनोन्‌महिने तिला आणि पिल्लांना भरवतो. त्या काळात नर मारला गेला तर आतली सगळी उपाशी. ढोली व्हायला झाड शंभर-दीडशे वर्षांचं व्हावं लागतं, आणि कोकणातलं बहुतेक रान खाजगी मालकीचं. भावांमध्ये वाटण्या झाल्या, लग्न आलं, दुखणं आलं की व्यापाऱ्याला रान विकलं जातं. व्यापारी जाड झाड पहिलं तोडतो. मग तिथे रबर नाहीतर काजू. हिरवंच दिसतं, पण रबराच्या झाडाला ढोली नसते आणि धनेशाला खायला फळ नसतं. नवखा माणूस त्याला जंगल म्हणून फोटो काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

नरक्या या झाडाचंही लिहून ठेवतो. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना त्यात कॅम्प्टोथेसिन सापडलं, कर्करोगावरची औषधं ज्यापासून करतात ते. औषध चांगलंच आहे. पण ते लाकडातून काढायचं म्हणून आमच्या आणि आंबोलीच्या रानातून नरक्या मुळासकट तोडून, तुकडे करून, पोत्यांनी गेला. पानं तोडली असती तर झाड राहिलं असतं. फळ धरायच्या आत तोडलेल्या झाडामागे रोप उरत नाही. तोडणाऱ्याला किलोमागे मिळालेले पैसे इतके थोडे असतात की ऐकून लाज वाटते.


मुंबईची नात

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप कळलं. हवामान बदलाबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्याचा वाटा किती?


दर्यावर्दी (हर्णै)

कासवापुरतं सांगतो. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त होतात, फारच तापली तर अंडी आतल्या आत मरतात. म्हणून काही ठिकाणी कुंपणावर सावलीचं जाळं घालतात. त्याशिवाय बांधबंदिस्तीनं वाळू सरकते. किनाऱ्याला एका ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की शेजारच्या गावची वाळू जाते, आणि सुरूची झाडं पार भरतीच्या रेषेपर्यंत लावलीत, मग मादीनं खड्डा घ्यायचा कुठे?


सडेकरीण

सड्यावर पावसाचा पहिला जोर आणि मधली उघडीप यांना फार महत्त्व आहे. जूनमध्ये फूल आलं आणि मग तीन आठवडे कडक ऊन पडलं तर बी धरत नाही. कांदा एखादं वर्ष काढतो. सलग काही वर्षं असं झालं तर म्हातारी रोपं राहतात, नवी येत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला सडा तसाच फुललेला दिसतो. म्हणून नुसती फुलं पाहून खूश होऊ नका, त्यांच्यात लहान, न फुललेली रोपं आहेत का ते बघा. देवराईतही तेच करा, मोठ्या झाडाखाली त्याची गुडघाभर रोपं दिसतात का? नसतील तर ती जात आजारी आहे, झाड कितीही डेरेदार असो.


बागायतदार

पाच एकरांतला वरचा दीड एकर, जिथे पाणी साचतं तो, तसाच ठेवायचं घरात बोललो. भाऊ तयार आहे. पण उद्या शेजारच्या गटात खाण लागली तर माझ्या दीड एकराचा उपयोग काय? ग्रामपंचायतीत काही करता येतं का?


सडेकरीण

येतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत ती एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. ग्रामपंचायतीतून ती मागून बघा. तुमच्या सड्याचं पान त्यात नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या आणि गट क्रमांकासह नोंद करा: कोणती फुलं, कोणत्या महिन्यात, पाणी कुठे साचतं, कुठल्या वाडीची विहीर खाली आहे. विहिरीची नोंद विसरू नका, सभेत तिच्यावरच लोक बोलतील. शेजारच्या खाणीची परवानगी मागितली गेली तर लेखी हरकत घेताना ही नोंद जोडता येते. खाण थांबेलच असं वचन मी देत नाही. नोंद नसेल तर मात्र बोलायला जागाच राहत नाही.

झाडतोड, खवले मांजर, नरक्याची पोती, यांतलं काही दिसलं तर वनविभागाचा क्रमांक १९२६. नाव सांगायचं नसेल तरी फोन करा.

काका, जुलैत सड्यावर जाल तेव्हा फोटो इथेच टाका, फुलाचा आणि पानांचा दोन्ही. फुलाशिवाय दीपकाडी गवतासारखी दिसते, पण पानांवरून ओळखायला मी मदत करीन. दोडामार्गकरांनी राईतल्या रोपांचं लिहावं, ते मला खरंच जाणून घ्यायचंय.


दोडामार्ग

पाऊस जरा ओसरला की राईत जाऊन रोपं मोजतो. पुजाऱ्यांना विचारूनच आत जावं लागतं. गुडघाभर आणि कमरेएवढी अशी वेगळी मोजून इथे टाकतो.